वजन उतरलं तीनच किलो

माझ्या डाव्या पायातलं जोडवं कापायला दवाखान्यात पकड आणावी लागली. अंगठ्याशेजारचं बोट सुजून काळंनिळं पडलं होतं आणि चांदीचं वेढं मांसात रुतलं होतं. नर्स म्हणाली, "मावशी, दुखलं तर सांगा हां." मी म्हणाले, "दुखत न्हाय. करा तुमी." मला वाटलं, दुखत नाही म्हणजे बरंच आहे.

समोर उभ्या असलेल्या डॉक्टर मॅडमनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "दुखायला हवं होतं."

ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही, दुधाच्या पावतीवर नाव आणि लिटर लिहायचं तेवढंच. पण दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या की तुमच्यासारख्या बायका रोज येतात, आम्ही सांगितलेलं त्यांना पटत नाही, तुमचं पटेल.

माझं नाव शैला. वय चव्वेचाळीस. काटेवाडीच्या पुढं आमची वस्ती आहे. थोडा ऊस, चार गाया. गावातल्या दूध संकलन केंद्रावर मी बसते, सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळीही तेवढाच वेळ. बसते म्हणजे खरोखरच बसते. कॅन दुसरे उचलतात, मी खुर्चीत बसून फॅटचं मशीन बघायचं आणि पावती द्यायची. मधल्या वेळात स्वयंपाक, मग कॉटवर पडून मोबाईल. उंची पाच फूट एक इंच आणि वजन चौऱ्याण्णव किलो. प्राचीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, बाळंतपणानंतर अंग सुटलं ते सुटतच गेलं. आमच्याकडं बाई चाळिशीला आली की जाड होतेच असं धरून चालतात. मीही धरून चालले होते.

रात्रीत चार वेळा उठावं लागायचं, ते मी पाणी जास्त पिते म्हणून, असं मला वाटायचं. पाणी जास्त का पिते, तर ऊन आहे म्हणून. दमायला होतं, तर काम आहे म्हणून. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर होतं.

बोट

गेल्या वर्षी श्रावणात ते बोट लाल झालं. जोडवं घट्ट बसलं होतं, साबण लावूनही निघेना. मी हळद लावली, फडकं बांधलं आणि केंद्रावर जात राहिले. आठव्या दिवशी संध्याकाळी दूध घेता घेता थंडी वाजून आली. मशीनवरचा आकडा मला दोन-दोन दिसायला लागला. एका बाईनं पायाकडं बघून नाकाला पदर लावला. तिच्या त्या पदरामुळं मी घाबरले. हे, म्हणजे आमचे मालक, गाडी घेऊन आले आणि आम्ही बारामतीला गेलो.

रक्तातली साखर निघाली चारशे बारा.

"साखर आहे हे माहीत होतं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय."

"शेवटची कधी तपासली होती?"

मी आठवून सांगितलं, "पोरीच्या बाळंतपणात."

"मुलगी केवढी आहे?"

"सतरा वर्षांची."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पेनाची टोपी लावली आणि सरळ सांगितलं. साखर बहुतेक पाच-सहा वर्षांपासून असावी. पायाच्या नसा बधिर झाल्यात, म्हणून जोडवं रुतलं तरी कळलं नाही. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसते आहे. रक्तदाब वाढलेला आहे. उद्या सकाळी बोटातलं सडलेलं मांस काढावं लागेल. बोट राहील की जाईल ते आत गेल्यावरच कळेल.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

वॉर्डातले आठ दिवस

बोट राहिलं. शेंड्याचं थोडं मांस गेलं, नख गेलं, पण बोट राहिलं. आठ दिवस ॲडमिट होते.

तिथला दिवस सुईनं सुरू व्हायचा. पहाटे बोटाला टोचायचं, मग पोटात इन्सुलिन, मग नाश्ता. दुपारी परत टोचणं, परत इन्सुलिन. माझ्या हाताची बोटं इतकी ठिपक्यांची झाली की मी नर्सला म्हणायचे, "आज कुठल्या बोटाची पाळी?" ती हसायची. ड्रेसिंगच्या वेळी मात्र मी डोळे मिटून घ्यायचे. एकदा चुकून उघडे राहिले आणि आत पांढरं काहीतरी दिसलं. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

शेजारच्या खाटेवर इंदापूरकडच्या एक आजी होत्या. त्यांचा पाय गुडघ्याखाली नव्हता. पहिल्या दिवशी मी तिकडं बघायचंच टाळलं. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "बघ की गं, लाजू नकोस. माझंबी बोटापास्नंच सुरू झालं हुतं." त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला रडू आलं नाही, घाम आला.

त्याच दुपारी भेटायला चार माणसं आली असताना हे सगळ्यांसमोर म्हणाले, "किती येळा सांगितलं, तोंड आवर म्हनून. आता भोग." मी भिंतीकडं तोंड केलं. त्यांनी मला कधीच असं सांगितलेलं नव्हतं. उलट भाकरीवर लोण्याचा गोळा तेच ठेवायचे. आज मला कळतं की ते माझ्याहून जास्त घाबरले होते. पण त्या दिवशी मला एवढंच वाटलं, की मी जाड आहे म्हणून आजारी पडले, आजारी पडले तो माझा गुन्हा आणि आता ही माणसं निकाल द्यायला जमली आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंगलआक्का आली.

आक्का

मंगलआक्का माझी थोरली जाऊ. आमच्या घरात आणि तिच्या घरात एक भिंत आहे, आणि त्या भिंतीला टेकून आम्ही पाच वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो. वाटणीत गोठा कुणी कुठं बांधायचा यावरनं भांडण झालं. ते मिटलंही. पण भांडणात मी एक वाक्य बोलले होते, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. "खाऊन खाऊन माजलीय नुसती."

आक्काही अंगानं भरलेली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, उंची माझ्याएवढीच, वजनही जवळजवळ तेवढंच. ती मला म्हणू शकली असती, तू आरशात बघ. ती काही म्हणाली नव्हती. बोलायची थांबली, एवढंच.

आणि आता ती डबा घेऊन खाटेशी उभी होती. पाच वर्षांनी तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो असा, "कुशीवर हो. पाठ पुसते."

मी कुशीवर झाले. तिनं गरम पाण्यात पंचा पिळला आणि मानेपासून कंबरेपर्यंत पाठ पुसली. तीन दिवसांचा घाम, औषधाचा वास, सगळं. मी म्हणाले, "आक्का, तुमी कशाला..." ती म्हणाली, "गप पड. दुसऱ्या कुशीवर हो." माझ्याएवढ्या जड बाईला एका हातानं वळवणारी ती पहिलीच. एरवी दोन नर्सा लागायच्या.

खुर्ची

घरी सोडायच्या आदल्या दिवशी व्यायामाच्या मॅडम आल्या. तांबोळी मॅडम, प्राचीपेक्षा फारतर सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांच्यासमोर मी खुशीतच सांगितलं, "मला चालायला बंदी हाय. जखम भरेपर्यंत पाय टेकायचा न्हाय."

"चालायचं नाहीच," त्या म्हणाल्या. "खुर्ची आहे ना घरी?"

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दोन्ही हातात पाण्याची एकेक लिटरची बाटली दिली आणि हात वर-खाली करायला लावले. मग हात पुढं, हात बाजूला. मग गुडघ्यातून एकेक पाय सरळ करून हवेत धरायचा, जमिनीला दाबायचा नाही. मग खांद्याला रबरी पट्टी ओढायची. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, जेवणानंतर थोड्या वेळानं. दुसऱ्याच मिनिटाला मी हाशहुश करायला लागले. आक्का कोपऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. तिनं मॅडमना एकच प्रश्न विचारला, "ह्ये करून साखर उतरंल?"

"औषध, जेवण आणि हे, तिन्ही मिळून उतरेल. पण यातलं हेच लोक सोडतात."

"ही न्हाय सोडायची," आक्का म्हणाली. माझ्याकडं न बघता.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून ती यायला लागली. भाजीचं रान तिचं, भल्या सकाळी ती वांगी, गवार तोडायला जायची. तिथून येऊन भाकरी खाऊन माझ्या दारात. स्वतःची खुर्ची स्वतः आणायची. माझ्यासमोर बसायची, तिच्याही हातात दोन बाटल्या. आणि मोठ्यानं मोजायची. एक. दोन. तीन. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. दोन जाड्या बायका समोरासमोर बसून बाटल्या वर करताहेत, ह्यापेक्षा मोठी करमणूक आमच्या वस्तीवर त्या महिन्यात नव्हती. एकजण म्हणालाही, "केंद्रावर लोकांच्या दुधाचं फॅट काढायची, आता सोताचं काढतीया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्काचा आकडा चुकला नाही. चौदा. पंधरा. सोळा.

हेही एकदा दारात उभं राहून हसले. आक्का त्यांना म्हणाली, "भाऊजी, या हिकडं. घ्या ह्या बाटल्या. धा मिनिटं करून दावा, मग हसा." भावजयीचा शब्द मोडता येईना, म्हणून ते बसले. चौथ्या मिनिटाला खांदा धरला. त्या दिवसापासून त्यांचं हसणं थांबलं. आणि खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात त्यांनी ड्रेसिंग शिकून घेतलं. रोज संध्याकाळी हात धुऊन, चष्मा लावून, माझा पाय मांडीवर घेऊन बसायचे. वॉर्डातल्या त्या वाक्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. पण पट्टी गुंडाळताना विचारायचे, "घट्ट झाली का?" मला कळत नसायचं घट्ट की सैल, तिथं जाणीवच नव्हती. मी म्हणायचे, "बराबर झालीय."

नुसतं चालणं

जखम भरायला दिवाळी उजाडली. डॉक्टर मॅडमनी मऊ तळाचे, पुढून रुंद बूट घ्यायला लावले आणि सांगितलं, घरातही अनवाणी फिरायचं नाही, रोज संध्याकाळी तळपाय आरशात बघायचा, आणि आता हळूहळू चाला.

साडीवर बूट घालून कालव्याच्या रस्त्यानं निघायची मला जी लाज वाटली, ती बोटाच्या भीतीपेक्षा लहान होती असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं बाई रस्त्यानं जाते ती कामाला. डोक्यावर पाटी असते, हातात विळा असतो. मोकळ्या हातानं चालणारी बाई दिसली की प्रत्येकजण विचारतो, "कुठं निगालाय?"

पहिल्या दिवशी तीन जणांनी विचारलं. आक्का तिघांनाही एकच सांगत होती, "कुठं न्हाय. नुसतं चालतोय."

"नुसतं?"

"व्हय. नुसतं."

त्या दिवशी मी विजेच्या डीपीपर्यंत गेले. आमच्या दारापासून डीपी म्हणजे तीनशे पावलं असतील. तिथं खांबाला धरून उभी राहिले, छाती भात्यासारखी हलत होती. मला वाटलं आक्का म्हणेल, एवढ्यात दमलीस? ती म्हणाली, "हितं आलीस. उद्या बी हितंच येऊ. परवा पुढचा खांब बघू." चार दिवस आम्ही डीपीपर्यंतच गेलो. पाचव्या दिवशी पुढचा खांब.

तिच्या चालण्याचा मी तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला. पहाटे रानात, दिवसभर वाकून खुरपणं, भाजीच्या पाट्या उचलणं, आणि वर माझ्याबरोबर हे. माझ्यासाठी ती मुद्दाम हळू चालायची, आणि हळू चालते आहे हे मला कळू द्यायची नाही. मधेच वाकून चपलेतला खडा काढल्यासारखं करायची. इतके खडे काही कालव्याच्या रस्त्यावर नव्हते.

एकदा मात्र मी घोळ घातला. केंद्रावर उशीर झाला, इन्सुलिन घेतलेलं आणि जेवण राहिलेलं. म्हटलं, आधी चालून येऊ, मग जेवू. अर्ध्या वाटेत हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी. मी आक्काला काय सांगत होते ते माझं मलाच समजेना. तिनं मला बांधावर बसवलं आणि पदराच्या गाठीतली साखर माझ्या तोंडात कोंबली. पाठोपाठ बिस्किटं. दहा-पंधरा मिनिटांत मी माणसात आले. तांबोळी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की साखर जवळ ठेवा, ती एकदम खालीही जाऊ शकते. मी विसरले होते. आक्का दोन महिने रोज ती गाठ बांधून येत होती.

बांधावर बसल्या बसल्याच मी तिला म्हणाले, "आक्का, मी तवा जे बोलले हुते, खाऊन माजलीय म्हनून. तुमी ऐकलं हुतं ना?"

ती कालव्याच्या पाण्याकडं बघत म्हणाली, "ऐकलं हुतं. त्या दिवशी जेवले न्हाय मी."



"मग दुसऱ्या दिवशी खुरपायला गेले," ती म्हणाली. "तितं भूक लागली. खाल्लं." आणि उठून तिनं हात पुढं केला. "चल. आता घरला जाऊन भाकर खा."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'मध्ये जे होतं ते मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी इन्सुलिनचं माप कमी केलं. "हे वाईट लक्षण नाही," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा उपाशी चालायचं नाही. आणि माप मी कमी करायचं, तुम्ही नाही."

काटा

फेब्रुवारीत मोठी तपासणी होती. सहा महिने झाले होते. मी रोज पाऊण तास चालत होते, बाटल्या जाऊन वाळूच्या पिशव्या आल्या होत्या, जेवणात भात निम्मा, चहा बिनसाखरेचा. मनात मी आकडा ठरवून गेले होते. ऐंशी. फारतर ब्याऐंशी.

काट्यावर उभी राहिले. एक्याण्णव.

मी उतरले आणि पुन्हा चढले. एक्याण्णवच. तिथल्या मुलीसमोरच मला रडू फुटलं. सहा महिने, थट्टा, बूट, खांब, घाम, आणि तीन किलो. म्हणजे पंधरा दिवसाला पाव किलोच्या हिशेबानं मी सगळ्या गावाला तमाशा दाखवत होते. आक्का म्हणाली, "आत तर जाऊ." मी म्हणाले, "मला न्हाय यायचं. तुमी जावा." तिनं दंडाला धरून आत नेलं.

डॉक्टर मॅडम रिपोर्ट वाचत होत्या. पहिलं पान, दुसरं पान. मग चष्मा काढला. "शैलाताई, रडताय कशाला?"

"वजन उतरलंच न्हाय."

"वजन मी अजून बघितलेलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि कागद माझ्याकडं फिरवला.

तीन महिन्यांची सरासरी साखर, जी टक्क्यांत मोजतात, अकराच्या वर होती, ती सातच्या थोडी खाली आली होती. तीही इन्सुलिन निम्म्याहून कमी केल्यावर. रक्तातली चरबी उतरली होती. लिव्हरवरची चरबी सोनोग्राफीत आधीपेक्षा कमी दिसत होती. रक्तदाबाची एक गोळी बंद करता येणार होती. आणि कंबर, जी नर्सनं टेपनं मोजली होती, दोन इंचांनी कमी.

मॅडमनी मला समजेल असं सांगितलं. हातापायाचे स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात. रोज काम दिलं की त्यांना ती सवय लागते, अंगातलं इन्सुलिनही नीट वापरलं जातं. पोटातली आणि लिव्हरवरची चरबी कमी होते, आणि हे सगळं काट्यावर दिसेलच असं नाही. "वजन आणखी उतरलं तर चांगलंच. त्यासाठी जेवणाकडं अजून लक्ष देऊ. पण जे झालंय ते काट्याला विचारू नका."

मग आक्का पुढं सरकली. "मॅडम, माझं बी बघा की. हिच्याएवढीच हाय मी."

तिचं वजन सत्त्याऐंशी भरलं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. साखर ठीक, रक्तदाब ठीक. मॅडमनी तिलाही बजावलं, की गुडघे सांभाळा, दर वर्षी तपासा, सगळ्यांचं असंच राहतं असं नाही. आक्का मान डोलवत होती. मी तिच्याकडं बघत होते. ज्या अंगावरून मी तिला ते बोलले होते, त्या अंगानं मला वळवलं होतं, उचललं होतं, चालवलं होतं, आणि ते अंग आतून माझ्याहून कितीतरी धडधाकट होतं. आम्हा दोघींना लोक एकाच शब्दानं ओळखतात, जाड. एकीचं आयुष्य खुर्चीत गेलं होतं आणि एकीचं रानात. फरक काट्यावर नव्हता.

आता

मार्च संपता संपता इन्सुलिन थांबलं. गोळ्या चालू आहेत आणि राहतील. पायाची जाणीव पुरती आलेली नाही, येईल असं कुणी सांगितलेलं नाही. कधी कधी चार दिवस चालणं होत नाही, पाहुणे येतात, अंग दुखतं, आणि साखर लगेच वर दिसते. पाचव्या दिवशी मी परत चालायला निघते.

केंद्रावर आता मी उभ्यानं पावत्या करते. छोटे कॅन मीच उचलते. रात्री एकदाच उठावं लागतं. प्राची परवा म्हणाली, "आई, तू जिना चढताना बोलत होतीस." मला काही कळलं नाही. ती म्हणाली, "आधी बोलता यायचं नाही तुला." जेवणानंतर हेही माझ्याबरोबर वस्तीच्या टोकापर्यंत येतात, मागं हात बांधून, जसं काही ऊस बघायला निघालेत.

आपल्याला साखर आहे हे ज्यांना आज कळलं असेल त्यांना एवढंच सांगते. तुमच्या अंगाची लाज बाळगण्यात माझ्यासारखी वर्षं घालवू नका. पाय टेकता येत नसेल तर हात हलवा. आणि बरोबर कुणीतरी धरा, ज्याचा आकडा चुकत नाही.

पळसदेव

आक्काचं माहेर पळसदेवचं, उजनीच्या पाण्याकाठचं. मे महिन्यात ती मला घेऊन गेली. यंदा पाणी खूप मागं हटलं होतं आणि बुडालेलं जुनं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलं होतं. काठापासून देवळापर्यंत भेगाळलेल्या गाळाची वाट, सुमारे दीड किलोमीटर. आम्ही सकाळी लवकर निघालो. वाटेत शिंपले, फाटक्या जाळ्याचे तुकडे, उलटी घातलेली एक होडी. आक्का सांगत होती की तिची आजी लग्न होऊन ह्या देवळात आली होती, तेव्हा भोवती गाव होतं. मला दोनदा थांबावं लागलं. तीही थांबली. ह्या वेळी खड्याचं निमित्त केलं नाही.

देवळापाशी माणसं होती. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. आक्काचा भाऊ नाना, मासेमारी करतो, तो पुढं येऊन म्हणाला, "ताई, काडा की बूट. आत या."

दगड तापायला लागले होते. मला चटका बसला तरी कळणार नव्हतं. मी पायरीशीच उभी राहिले. एक म्हातारे गृहस्थ कुरकुरले, "देवापुढं कसले बूट."

आक्का आत गेली होती, ती बाहेर आली. "ती न्हाय काडनार," ती म्हणाली. "ती हितनं पाया पडंल. आन् आज ती चालत आलीया." त्या गृहस्थांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण ते बाजूला सरकले. आम्ही दोघी पायरीवर बसलो, बाटलीतलं पाणी प्यालो, भाकरी खाल्ली.

ऊन चढायला लागलं तसा नाना म्हणाला, "आक्का, जाताना ट्रॅक्टर आणू का? तुमी दमला आसाल."

आक्का भाकरीचं फडकं झटकत होती. तिनं वर बघितलंही नाही. "मला काय इचारतोस? हिला इचार."

मी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि उठले.

"नको नाना," मी म्हणाले. "आमी चालत येतो."